वेगवान गाडी, रोजची वाट आणि आपली कंबर

‘डॉक्टर, गाडी ठेवू की विकू?’ हा प्रश्न वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात नाही. तरीही गेल्या काही वर्षांत तो माझ्यापुढे वरचेवर येतो. विचारणारा बहुधा तीस ते पंचेचाळीस या वयाचा असतो. व्यापार बरा चाललेला असतो, लहानपणापासूनची हौस असते, आणि पुण्या-मुंबईहून आणलेली एखादी बुटकी, वेगवान गाडी दारात उभी असते. काहींनी नेहमीचीच मोटार घेऊन तिच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवून घेतलेली असते. गाडी घेतल्यावर पहिले दोन महिने मजेत जातात. तिसऱ्या महिन्यात कंबर बोलू लागते.

गाडीच्या शौकिनांत एक वाद कायम चालू असतो. स्पोर्ट्स कार ही रविवारी सकाळी फिरवायची वस्तू आहे की रोज कामावर न्यायची? एक म्हणतो, ‘गाडी चालवण्यासाठीच असते, झाकून ठेवायला नव्हे.’ दुसरा म्हणतो, ‘आपल्या रस्त्यांवर रोज नेलीस तर गाडीही जाईल आणि तूही.’ या वादात इंजिन, मायलेज, टायर, विमा या सगळ्यांचा हिशेब होतो. चालवणाऱ्याच्या शरीराचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. आजच्या लेखात तेवढाच मांडावयाचा आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांनीही लेख सोडू नये. जीप, मारुती, एस. टी. किंवा मोटारसायकलवरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला यातील निम्म्याहून अधिक गोष्टी लागू पडतात.

गाडी बुटकी का असते?

वळणावर गाडी कलंडू नये म्हणून तिचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवतात. त्यामुळे छत खाली येते आणि आसनही खाली येते. चालवणारा खुर्चीवर बसल्यासारखा न बसता पाय लांब करून, जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखा बसतो. वेगात गाडी डोलू नये म्हणून स्प्रिंगा कडक असतात. टायरची रबरी भिंत अरुंद असते, म्हणजे वळणावर टायर वाकत नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९६३ साली लोकांपुढे आणलेली ९११ ही गाडी ‘रोज वापरता येणारी स्पोर्ट्स कार’ म्हणून जगभर ओळखली जाते. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी उघडी गाडी १९८९ साली आली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आपल्या शेजारी गोव्यात सान स्टॉर्म नावाची छोटी दोन आसनी गाडी तयार होत असे, ती जुन्या शौकिनांना आठवत असेल. या सर्व गाड्यांची घडण थोड्याफार फरकाने अशीच.

म्हणजे शरीराच्या दृष्टीने चार गोष्टी एकत्र येतात. आसन खाली, पाय लांब, स्प्रिंगा कडक आणि चढ-उतार करताना अंगाला पीळ. यांपैकी एखादी गोष्ट शरीर सहज सोसते. चारही रोज, तासन्‌तास सोसावयाच्या म्हटल्या की कुठेतरी कुरकुर सुरू होते. ती बहुधा कमरेत होते.

कण्यातील गाद्या

आपला कणा मणक्यांचा बनलेला आहे. एका मणक्यावर दुसरा घासू नये म्हणून मध्ये गादी असते. अशा २३ गाद्या आहेत. प्रत्येक गादीच्या बाहेर टायरसारखे चिवट तंतूंचे वलय आणि आत घट्ट खळीसारखा गर, अशी तिची रचना. मोठेपणी या गादीच्या आतील भागाला रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्नपाणी मिळते ते झिरपून. आपण हललो, चाललो, आडवे झालो की दाब कमी-जास्त होतो आणि स्पंज दाबून सोडावा तसे पाणी आत-बाहेर होते. दिवसभरात गाद्यांतील पाणी दाबले जाऊन माणसाची उंची एक ते दोन सेंटिमीटरने घटते आणि रात्री झोपेत ती भरून निघते. एका जागी न हलता बसणे गादीला का मानवत नाही, ते यावरून ध्यानात येईल.

बसल्यावर गादीवर किती दाब येतो, हे स्वीडनचे अस्थितज्ज्ञ नाकेमसन यांनी प्रत्यक्ष गादीत सुई घालून मोजले. त्यांचे आकडे अनेक वर्षे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागत. उभे असताना दाब १०० धरला तर उताणे झोपल्यावर २५, आधाराशिवाय बसल्यावर १४० आणि पुढे झुकून बसल्यावर १८५. पुढे १९९९ साली जर्मनीत नव्या उपकरणाने मोजणी झाली. तीत सैल, टेकून बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा जास्त नाही, उलट थोडा कमीच, असे दिसले. मात्र पाठ वाकवून २० किलो वजन उचलले की दाब उभ्याच्या चौपटीहून अधिक होतो, हेही त्याच मोजणीत आढळले.

या दोन्हींतून घ्यायचा बोध असा. नुसते बसणे हा गुन्हा नव्हे. पाठीला टेकू असेल तर बसणे सुसह्य असते. त्रास होतो तो टेकू नसताना, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट करून, न हलता बराच वेळ बसल्याने. आणि त्यात गचके मिसळल्याने.

बुटक्या गाडीत नेमके हेच घडते. पाय लांब केले की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. ते ओटीपोटाच्या हाडाला मागून ओढतात. त्यामुळे कमरेचा आत वळलेला बाक सपाट होतो, कधी उलटा बाहेर वळतो. गादीचा पुढचा भाग चेपला जातो आणि मागचे वलय ताणले जाते. गादी फाटते ती बहुधा मागच्याच बाजूला, आणि पायाकडे जाणारे मज्जातंतू तिथूनच जातात. कमरेचा चौथा व पाचवा मणका आणि त्याखालचे माकडहाडाच्या वरचे मोठे हाड, यांच्यामधील दोन गाद्यांना हा त्रास सर्वाधिक होतो. तंतू दाबला गेला की कळ ढुंगणातून मांडीमागून पोटरीत, कधी अंगठ्यापर्यंत जाते. तिलाच आपण सायटिका म्हणतो.

गचक्यांचे गणित

झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, अवेळी जोराने दिला तरी जात नाही. प्रत्येक वस्तूची डोलण्याची एक स्वतःची लय असते. बसलेल्या माणसाच्या धडाची वरखाली डोलण्याची लय सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा अशी आहे. त्या लयीत खालून हादरे मिळाले तर धड हादऱ्यांना शोषून घेण्याऐवजी वाढवते. स्नायू दर वेळी आवळून सोडावे लागतात व लवकर थकतात, आणि मग सगळा भार गाद्यांवर येतो.

नेहमीच्या कुटुंबाच्या मोटारीच्या स्प्रिंगा सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतील अशा मऊ ठेवलेल्या असतात. ही लय चालण्याच्या लयीजवळची असल्याने शरीराला त्रास होत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये ती दीड ते दोनच्या आसपास जाते. कारखान्यातून आलेली चांगली गाडी त्यातही मर्यादा सांभाळते. खरा घोटाळा कापलेल्या स्प्रिंगांत असतो. स्प्रिंग कापली की ती आखूड तर होतेच, पण कडकही होते आणि तिला दबायला जागा उरत नाही. खड्डा आला की ती तळाला टेकते. मग मधे काही नाही; रस्त्याचा ठोका सरळ आसनात आणि आसनातून कण्यात. सगळे हादरे एकीकडे आणि असा एक ठोका एकीकडे.

ट्रॅक्टर, डंपर, मालमोटार चालवणाऱ्यांत कंबरदुखी अधिक असते, ही गोष्ट जगभर नोंदली गेली आहे. म्हणूनच युरोपात २००२ साली कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या कंपनांवर कायद्याने मर्यादा घातली. आपल्या हौशी चालकाने स्वतःच्या पैशाने ट्रॅक्टरचे आसन विकत घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

गतिरोधक

आपल्याकडे या विषयात गतिरोधकाला वगळून चालणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जाते. गावोगावचे गतिरोधक कसे असतात ते वाचकांना ठाऊकच आहे. एका रात्रीत उभा राहिलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच, पांढरे पट्टे नसलेला. बुटक्या गाडीचा तळ जमिनीपासून जेमतेम ११ ते १३ सेंटिमीटर वर असतो. गाडीचा तळ घासला की मालकाच्या काळजात चर्र होते. आत बसलेल्याच्या कण्याचे काय झाले ते मात्र चार दिवसांनी कळते.

इथे एक गंभीर गोष्ट सांगतो. एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेली म्हातारी माणसे गतिरोधकावर उसळून पुन्हा आदळली आणि त्यांच्या पाठीचा मणका चेपला, असे रुग्ण आपल्याकडच्या अस्थितज्ज्ञांना नवीन नाहीत. पाठ आणि कंबर जिथे जुळतात तिथला मणका असा चेपतो. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यांना त्यासाठी फार मोठा आपटा लागत नाही. आईला किंवा आजीला हौसेने मागच्या आसनावर बसवून ‘बघ कशी पळते’ म्हणणाऱ्या चिरंजिवांनी हे ध्यानात ठेवावे. वडीलधाऱ्यांना पुढे बसवावे, पट्टा लावावा आणि गतिरोधकावर गाडी माणसाच्या चालीने न्यावी. अशा धक्क्यानंतर पाठीच्या मध्यभागी ठणका लागला आणि वळताना, उठताना तो वाढत असेल तर ‘उसण भरली’ म्हणून मालीश करीत बसू नये. आधी क्ष-किरण फोटो काढावा.

चढण्या-उतरण्याची रीत

कमरेला चमक भरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी विचारतो, ‘नेमके काय करताना भरली?’ पुष्कळांचे उत्तर ‘गाडीतून उतरताना’ असे असते. याला कारण आहे. तासभर बसल्यावर कण्याचे अस्थिबंध ताणून सैल झालेले असतात आणि स्नायू सुस्त असतात. अशा वेळी एक पाय बाहेर, एक आत, अंगाला पीळ आणि सगळा भार एका बाजूला, असे आपण उठतो. त्यातून बुटक्या गाडीत गुडघे कमरेपेक्षा वर असतात. तेथून उठणे म्हणजे पाटावरून हात न टेकता उठणे.

म्हणून रीत अशी ठेवावी. बसताना गाडीकडे पाठ करून आधी बूड टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र जुळवून आत वळावे. उतरताना आसन मागे सरकवावे, दोन्ही पाय एकत्र बाहेर काढून जमिनीवर टेकावेत, एक हात दाराच्या चौकटीवर आणि एक आसनाच्या कडेवर ठेवून नाक पावलांच्या पुढे आणावे आणि मग उठावे. उठल्यावर लगेच डिकीतील गव्हाचे पोते किंवा गॅसचे सिलिंडर उचलू नये. पाच मिनिटे चालावे, कमरेवर हात ठेवून दोन-चार वेळा मागे वाकावे. सैल झालेल्या अस्थिबंधांना पूर्ववत व्हायला वेळ द्यावा. सकाळी उठल्याबरोबरही गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात. पहाटे उठून पहिल्या अर्ध्या तासात वाकून गाडी धुणे कमरेच्या दृष्टीने वाईट वेळेचे काम आहे.

बसण्याची रीत

१. पाठ टेकणारा भाग सरळ ९० अंशांत न ठेवता किंचित मागे, १०० ते ११० अंशांत ठेवावा. शर्यतीच्या चित्रात पाहून फार मागे रेलू नये. त्यामुळे मान पुढे काढावी लागते आणि अपघातात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो.

२. कमरेच्या पोकळीत टेकू हवा. गाडीत सोय नसेल तर छोटा टॉवेल गुंडाळून ठेवावा. महागड्या उशीची जरूर नाही.

३. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. पाय पूर्ण ताठ होत असेल तर प्रत्येक वेळी कंबर खेचली जाते.

४. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे. एअरबॅग फुटते तेव्हा एवढे अंतर लागतेच.

५. डोक्यामागच्या उशीचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका वर असावा आणि डोके तिच्या जवळ असावे. मागून धडक बसली तर मान वाचते ती या उशीमुळे.

६. मागच्या खिशातील जाड पाकीट काढून ठेवावे. एका ढुंगणाखाली पाकीट ठेवून शंभर किलोमीटर गेल्यास ओटीपोटाचे हाड तिरके राहते आणि सायटिकाच्या नसेवर दाब येतो. नुसते पाकीट काढून बरे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

७. दर दोन तासांनी, आणि आधीच कंबर दुखत असल्यास दर तासाला, खाली उतरून पाच-दहा मिनिटे चालावे.

डावा गुडघा दुखणाऱ्यांनी वेगळे ध्यानात ठेवावे. अशा गाड्यांचा क्लच पुष्कळदा जड असतो. बाजारपेठेत, रेल्वेच्या फाटकावर पाय अर्धा दाबून उभे राहण्याची सवय असली तर गुडघ्याच्या वाटीमागे ठणका लागतो. गाडी थांबली की न्यूट्रल करावी आणि पाय खाली ठेवावा. यात क्लचची प्लेटही वाचते, म्हणजे मेकॅनिक आणि डॉक्टर या दोघांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

मोटारसायकलच्या शौकिनांना दोन शब्द. शर्यतीच्या धाटणीच्या दुचाकीवर हँडल खाली आणि पाय मागे असतात. वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो, त्यामुळे तिथे ही बैठक ठीक असते. गावातल्या तीस-चाळीसच्या वेगात वारा नसतो. मग धडाचा भार मनगटांवर येतो आणि समोर पाहण्यासाठी मान सतत मागे मोडावी लागते. बोटांना मुंग्या येत असतील तर हे कारण तपासावे.

कंबर धरली तर काय करावे?

पहिली गोष्ट, घाबरू नये. नव्याने सुरू झालेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. दुसरी गोष्ट, अंथरूण धरू नये. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी तीन-तीन आठवडे फळीवर झोपायला सांगत असू. १९८६ साली अमेरिकेत रुग्णांना दोन दिवस आणि सात दिवस अशी विश्रांती देऊन तुलना झाली. दोन दिवसवाले सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले आणि कामावर मात्र लवकर गेले. १९९५ साली फिनलंडमध्ये तर असे दिसले, की झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सुधारले. म्हणून एक-दोन दिवस आराम, शेक, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी आणि मग हळूहळू चालणे, हा क्रम ठेवावा. गाडी मात्र या काळात बाजूला ठेवावी. बुटकी गाडी तर नकोच.

तिसरी गोष्ट एमआरआयची. रुग्ण हल्ली आधी तपासणी करून मोठे पाकीट घेऊनच येतात आणि ‘गादी सरकली आहे’ हे वाक्य वाचून रडकुंडीला आलेले असतात. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली आणि सुमारे चतुर्थांश लोकांची अधिक पुढे आलेली निघाली. त्यांना दुखत मात्र काहीच नव्हते. म्हणजे फोटोतील फुगवटा आणि तुमचे दुखणे यांचा संबंध डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचा असतो. नुसत्या फोटोवरून शस्त्रक्रिया ठरत नाही.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. कंबरदुखीच्या गोळ्यांत पुष्कळदा स्नायू सैल करणारे औषध मिसळलेले असते. नसेच्या कळेसाठी प्रीगाबालिनसारखे औषध देतात. यांनी गुंगी येऊ शकते, चक्कर येऊ शकते. सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते. अशी गोळी घेऊन गाडी चालवू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितले.

आता धोक्याच्या खुणा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागाला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले किंवा दोन्ही पायांतील शक्ती कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा जिथे कण्याची शस्त्रक्रिया होते तिथे जावे. मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेला असल्यास तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षय यांपैकी काही असेल तरीही तपासणी लवकर करावी. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून पुष्कळ आढळतो आणि औषधाने बरा होतो, हे विसरू नये.

वेग आणि झोप

गाडी वेगवान आहे म्हटल्यावर वेगाबद्दल न बोलता लेख संपविणे बरे नव्हे. समोर काही आडवे आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात त्या सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते, १०० च्या वेगात जवळजवळ २८ मीटर. ब्रेक अजून लागलेलाच नसतो. गाडी कितीही भारी असली तरी हा सेकंद चालवणाऱ्याचा असतो, कंपनीचा नव्हे. आणि आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आपली हाडे मात्र पूर्वीचीच असतात.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ साली आणि शेवटचा टप्पा २०२५ साली खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सरळ, गुळगुळीत आणि मोकळा. शौकिनांना तो खुणावतो हे मी समजू शकतो. पण अशा रस्त्यावर डोळ्यांना आणि मेंदूला काम कमी असते. डोळे उघडे असतात आणि माणूस क्षणभर झोपलेला असतो. ताशी १२० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३३ मीटर गाडी चालकाविना धावली. पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास सर्वांत धोक्याचे. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात असे आढळले. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दिवसभर दुकान सांभाळून रात्री हौसेने शिर्डीला निघालेला निर्व्यसनी गृहस्थसुद्धा, शरीराच्या हिशेबाने, प्यालेलाच असतो. खिडकी उघडणे आणि गाणी मोठ्याने लावणे यांनी झोप जात नाही. सुरक्षित जागी गाडी थांबवावी, कपभर कडक चहा घ्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. चहा अंगात भिनेपर्यंत डुलकीही पुरी होते.

मग गाडी ठेवावी की विकावी?

कंबर धड आहे, रोजचा प्रवास तासाभराच्या आत आहे, रस्ता बरा आहे आणि गाडी कारखान्यातून आली तशी आहे, तर खुशाल ठेवावी आणि रोज न्यावी. आनंदही प्रकृतीला लागतोच. स्प्रिंगा कापल्या असतील तर त्या मूळच्या बसवून घ्याव्यात. त्यात गाडीची शोभा थोडी जाईल, कंबर राहील. एकदा सायटिका होऊन गेली असेल तर अशी गाडी रविवारपुरती ठेवावी आणि रोजच्या कामाला उंच आसनाची साधी मोटार वापरावी. उंच म्हणजे जिच्यात चढावेही लागत नाही आणि उतरताना उठावेही लागत नाही, अशी कमरेच्या उंचीच्या आसनाची. नवी घेणाऱ्याने दुकानात पाच मिनिटांची चक्कर मारून ठरवू नये. अर्धा तास चालवावी, तीही आपल्या रोजच्या रस्त्यावर, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा चढून-उतरून पाहायला सांगावे. मधुमेह्यांच्या पावलांना बधिरपणा असेल तर पेडलचा अंदाज चुकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीच वेगवान गाडी हाती घेऊ नये.

गाडी कोणतीही असो, रोज अर्धा तास भरभर चालणे हा गाद्यांना पाणी पाजण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुखणे ओसरल्यावर भुजंगासन, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि मांडीमागचे स्नायू सावकाश ताणणे हे तीन व्यायाम दहा मिनिटांत होतात. सायटिकाची कळ चालू असताना मात्र सूर्यनमस्कार किंवा पश्चिमोत्तानासन करू नये, त्यात कंबर पुढे वाकते. गाडीची सर्व्हिसिंग तारीख आपण कॅलेंडरवर लिहून ठेवतो. या दहा मिनिटांसाठीही कॅलेंडरवर एक रकाना करावा आणि महिनाभर त्यावर रोज खूण करून पाहावी.